ब्रीदरची जबानी

बेळगाव, निपाणी, संकेश्वर, चिक्कोडी हा मुलूख बाहेरच्या माणसास तंबाखूचा, उसाचा आणि कित्येक दशके निकालाविना पडून राहिलेल्या सीमाप्रश्नाचा म्हणून ठाऊक असतो. परंतु तो यंत्रांचाही मुलूख आहे, ही गोष्ट या प्रदेशाचे वर्णन करणारे पुष्कळदा विसरतात. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे 1869 साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव ज्या सायकलींच्या दुकानाशी जोडले जाते, ते 1888 साली निघाले बेळगावातच. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांची पहिली धडपडही त्यांनी याच शहरात केली, आणि नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करावयास लावली तेव्हाच 1910 साली औंध संस्थानाच्या आश्रयाने ते किर्लोस्करवाडीच्या माळावर गेले. त्याच घराण्याने 1946 साली पुण्यास ऑईल इंजिनांचा कारखाना काढला, त्याची इंजिने पुढे वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी यांच्या काठांवर पाणी उपसू लागली, आणि बेळगावच्या उद्यमबागेत आज ज्या ओतशाळा व यंत्रशाळा चालतात त्यांत इंजिनाच्या ब्लॉकपासून क्रँकशाफ्टपर्यंतचे भाग घडतात. अशा मुलखात इंजिनाच्या एका क्षुल्लक दिसणाऱ्या तक्रारीविषयी सविस्तर लिहिले तर ते अस्थानी ठरू नये.

ती तक्रार अशी. कोगनोळीचा नाका ओलांडून निपाणी मागे टाकलेला भरलेला ट्रक तवंदी घाट चढून वर येतो, चालक बॉनेट उघडून पाहतो, तो टॅपेट कव्हरचा माथा ऑईलने न्हाऊन निघालेला, त्यावर धूळ बसून चिखल झालेला, आणि कव्हरवरच्या ब्रीदरमधून धूर व ऑईलचे शिंतोडे एकदमच बाहेर पडत असलेले. रस्त्याकडेचा मेस्त्री एका दृष्टिक्षेपात निकाल देतो : ‘बॅक कॉम्प्रेशन आहे, इंजिनाचं काम काढावं लागतंय.’ हा निकाल कधी अगदी बिनचूक असतो. पण कधी तो आरोपीची बाजू न ऐकता दिलेला असतो, आणि मग मालकाचे हजारो रुपये पिस्टन, रिंग आणि लायनर यांवर खर्च होऊनही ब्रीदर आपले ऑईल मारतच राहतो. ब्रीदर हा गुन्हेगार नव्हे. तो साक्षीदार आहे. त्याची जबानी नीट उलगडली नाही, तर खटला भलत्यावरच चालतो.

प्रथम ब्रीदरचे प्रयोजन पाहू. सिलिंडरात इंधन पेटते त्या क्षणी डिझेल इंजिनातील दाब वातावरणाच्या दाबाच्या साठ-सत्तर पटींच्याही वर जातो, आणि त्या दाबाला खालच्या, क्रँक फिरतो त्या चेंबरात उतरू न देण्याची सारी भिस्त पिस्टनभोवतीच्या लोखंडी रिंगांवर असते. तोंड कापलेली, स्वतःच्या ताणाने बोअरच्या भिंतीला चिकटून राहणारी ही रिंग जॉन रॅम्सबॉटम नावाच्या इंग्रज रेल्वे-अभियंत्याने 1850 नंतरच्या दशकात वाफेच्या इंजिनासाठी प्रचारात आणली आणि तिची मूळ कल्पना आजतागायत बदललेली नाही. कापलेले तोंड म्हणजे फट आली : 100 मिलिमीटर बोअरच्या इंजिनात ती सर्वसाधारणपणे 0.3 ते 0.4 मिलिमीटर ठेवावी लागते, कारण तापून रिंग फुगली आणि फट उरलीच नाही तर रिंग मोडते. तेव्हा अगदी नव्याकोऱ्या, निरोगी इंजिनातही थोडा वायू प्रत्येक स्फोटागणिक रिंगांना चुकवून खाली उतरतो; तो फार झाला की मेस्त्री त्यासच ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतो. त्यात अर्धवट जळालेले इंधन असते, काजळी असते आणि पाण्याची वाफही असते. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने उत्पन्न होते, हे वाचून पुष्कळांस नवल वाटेल, पण हायड्रोजनयुक्त इंधनाच्या ज्वलनाचा तो साधा हिशेब आहे. हा वायू चेंबरात कोंडून ठेवला तर क्रँकच्या दोन्ही टोकांची सील, चेंबरचे पॅकिंग आणि ऑईलची काडी यांपैकी जे कमजोर असेल ते वाट करून देते. म्हणून त्यास राजमार्गाने बाहेर काढण्यासाठी जे द्वार ठेवलेले असते, तेच ब्रीदर.

एक सिलिंडरच्या इंजिनात या कामास आणखी एक पदर असतो. तेथे पिस्टन खाली आला की त्याच्याखालची हवा दाबली जाते आणि वर गेला की पोकळी निर्माण होते. म्हणून शेतावरच्या जुन्या एकसिलिंडरी इंजिनांच्या ब्रीदरमध्ये एक लहानशी पट्टी किंवा चकती बसवलेली असते, जी हवेस बाहेर जाऊ देते पण आत येऊ देत नाही. ती वाकली, गंजली किंवा कुणी ‘निरुपयोगी’ म्हणून काढून टाकली, की इंजिन ऑईल थुंकू लागते, आणि पन्नास पैशांच्या पट्टीचा दोष पाच हजारांच्या पिस्टनवर जातो. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर जात असता दोन खाली येतात, चेंबरातील एकंदर जागा जवळजवळ स्थिर राहते, आणि ब्रीदरला केवळ रिंगांमधून निसटलेल्या वायूचाच बंदोबस्त करावा लागतो.

आता खरा प्रश्न असा की, वायू बाहेर पडावा हे तर योग्यच. मग त्याच्यासवे ऑईल का येते? टॅपेट कव्हरखाली रॉकर सतत हालत असतात, ऑईलचे थेंब उडत असतात आणि त्यांचे धुके दाटलेले असते. ब्रीदरच्या मुखाशी आतून एक पत्र्याची आडभिंत आणि पुष्कळदा तारेची जाळी बसवलेली असते. वायू तीवरून वळसे घेत जातो, जड थेंबांना ती वळणे साधत नाहीत, ते पत्र्यावर आदळून निथळतात आणि परत खाली पडतात. ही युक्ती चालते ती वायूचा वेग मंद असेतोवरच. वेगाचा हिशेब अवघड नाही. 12 मिलिमीटर व्यासाच्या नळीतून मिनिटास 30 लिटर वायू जात असेल तर त्याचा वेग सेकंदास साडेचार मीटरच्या आत-बाहेर भरतो. तोच वायू 25 मिलिमीटरच्या नळीतून सोडला तर वेग एका मीटरवर येतो, कारण व्यास दुप्पट झाला की क्षेत्र चौपट होते. उलट, रिंगा झिजून वायूचे प्रमाण चौपट झाले तर 12 मिलिमीटरच्या नळीत तो सेकंदास सतरा-अठरा मीटरने सुटतो, आणि मग थेंबांना आडभिंतीची भीड राहत नाही. तेव्हा ब्रीदरमधून ऑईल येण्यास मुळात तीनच गोष्टी कारण होऊ शकतात : वायू फार झाला, वाट अरुंद झाली, किंवा वाटेच्या तोंडाशी ऑईलच फार साचले. साऱ्या तपासाचे रहस्य या तिहींपैकी कोणती गोष्ट घडली ते आधी ठरवण्यात आहे, आणि स्वस्त कारणांची चौकशी महागड्या कारणांच्या आधी करण्यात आहे.

सर्वांत स्वस्त चौकशी ऑईलच्या काडीची. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून काडी पाहावी. ‘थोडे जास्त असलेले बरे’ या समजुतीने वरच्या खुणेच्याही वर भरलेले ऑईल क्रँकच्या फिरत्या वजनांना लागते, घुसळले जाते आणि फेसाळते. निपाणीकडच्या वाचकास हा प्रकार गुऱ्हाळावरून चटकन उमगेल : काहिलीतला रस उकळताना फेस काठावर चढू लागला की गुळव्या त्यावर किंचित तेल शिंपडतो आणि फेस बसतो; इंजिन ऑईलमध्ये कारखान्यातच मिसळलेले सिलिकोनचे अत्यल्प द्रव्य नेमके तेच काम करीत असते, परंतु ऑईल जुने झाले, त्यात पाणी किंवा डिझेल उतरले, म्हणजे त्या द्रव्याचाही इलाज चालत नाही. काडीवरची पातळी न भरताच वाढत असेल तर ते अधिक गंभीर होय. वास डिझेलचा येत असेल तर नोझल गळते आहे किंवा पंपाचे सील गेले आहे. रंग दुधी-तपकिरी झाला असेल तर पाणी शिरले आहे. 2019 आणि 2021 च्या पुरांत यमगर्णीजवळ वेदगंगेने महामार्गच अडवला होता. अशा पुरात बुडालेले इंजिन ऑईल न बदलता चालू केले, तर ब्रीदरमधून जो लोण्यासारखा फेस येतो तो रिंगांचा दोष नव्हे, नदीचा होय. मात्र पावसाळ्यात, खानापूरकडच्या गारठ्यात रोज केवळ चार-दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीच्या ऑईल-कॅपखाली पांढरट साय दिसली म्हणून घाबरून हेड उतरवू नये. ज्वलनातून आलेली वाफच थंड झाकणाला निवालेली असते, आणि एखादा लांबचा फेरा मारला की ती बहुधा निघून जाते.

त्यानंतर पाळी ब्रीदरची. जाळी काढून रॉकेल वा डिझेलमध्ये धुवावी, नळी काढून तोंडाने फुंकून पाहावी. काजळी आणि गाळ यांनी ती निम्मीअधिक बुजलेली निघणे ही नित्याची गोष्ट आहे. रबरी नळी उष्णतेने मऊ पडून आतल्या आत चिकटते, बाहेरून मात्र धडधाकट दिसते. कव्हर बदललेले असेल तर आतल्या आडभिंतीची खात्री करून घ्यावी. बाजारातल्या काही नकली कव्हरांना बाहेरचा रंग हुबेहूब असतो आणि आत पत्र्याचा मागमूस नसतो. हेडवरचे ऑईल खाली चेंबरात परतण्याची छिद्रे गाळाने बुजली, तर वर चढलेले ऑईल तिथेच तळे करून बसते आणि ब्रीदरच्या तोंडापर्यंत पोहोचते. गाडी चढावर किंवा वळणावर असतानाच ऑईल येते, सपाटीवर येत नाही, असे आढळले तर या छिद्रांवर संशय घ्यावा.

एवढ्याने निकाल लागला नाही, म्हणजेच वायू खरोखर फार होतो आहे असे मानून पुढे जावे. इंजिन गरम करून मंद गतीवर ठेवावे आणि ऑईल-कॅप सैल करून उपडी तोंडावर ठेवावी. ती किंचित थरथरली तर चिंता नाही. नाचू लागली किंवा उडून पडली तर दाब आहे. मेस्त्रीलोकांची ही परीक्षा ढोबळ आहे, कारण काही इंजिनांत रॉकरच्या हालचालीनेच कॅप हालते. त्याहून विश्वसनीय साधन म्हणजे इंग्रजी यू अक्षराच्या आकारात वाकवलेली पारदर्शक नळी, तिच्यात थोडे पाणी आणि एक टोक ऑईलच्या काडीच्या जागी घट्ट बसवलेले. दोन्ही बाजूंच्या पाण्यात जेवढ्या सेंटिमीटरचा फरक, तेवढा चेंबरातील दाब. मर्यादा प्रत्येक इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेली असते. दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे वातावरणदाबाचा जेमतेम शंभरावा हिस्सा, असे म्हणून त्यास तुच्छ लेखू नये : 60 सेंटिमीटर लांब आणि 15 सेंटिमीटर रुंद अशा टॅपेट कव्हरवर तेवढ्यानेच नऊ किलोंचा भार आतून पडतो, आणि कॉर्कचे पॅकिंग तो किती दिवस सोसणार?

वायू कोणत्या सिलिंडरातून येतो हे ओळखण्याची जुनी रीत फार नामी आहे. जुन्या, यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनात एकेका नोझलच्या पाइपाचा नट क्षणभर ढिला करावा, म्हणजे त्या सिलिंडराचे इंधन तुटते. ज्याचे इंधन तोडल्यावर ब्रीदरचा धूर एकाएकी ओसरतो, तोच दोषी. ही रीत कॉमन-रेल इंजिनावर मात्र कदापि करू नये; तेथील पाइपात हजार वातावरणांहून अधिक दाब असतो आणि सुटलेली डिझेलची धार कातडी भेदून हातात शिरते. अशा इंजिनांसाठी, आणि पेट्रोल इंजिनांसाठीही, हवेच्या कॉम्प्रेसरची परीक्षा बरी : एकेक पिस्टन वरच्या टोकास आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना सिलिंडरात हवा भरावी आणि कान द्यावा. सूं असा आवाज ऑईल-कॅपमधून आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आला तर इनलेट व्हॉल्व्ह आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. इतकी स्पष्ट जबानी इंजिनाचे दुसरे कोणतेच अंग देत नाही.

येथे दोन परभारे गुन्हेगार लक्षात ठेवले पाहिजेत, कारण त्यांच्यापायी निरपराध रिंगा बदलल्या जातात. ट्रक आणि बस यांच्या एअर-ब्रेकचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच ऑईलवर चालतो. त्याची छोटी रिंग झिजली की त्याची हवा थेट चेंबरात उतरते. दुसरा टर्बो. त्याचे बेअरिंग खिळखिळे झाले म्हणजे धुराचा आणि दाबलेल्या हवेचा दाब ऑईल-परतीच्या नळीने खाली येतो. याच्या नेमके उलटही घडते आणि ते अधिक फसवे असते : ब्रीदर बुजल्यामुळे चेंबरात दाब साठतो, टर्बोचे ऑईल खाली उतरू शकत नाही, ते त्याच्या सीलमधून हवेच्या नळीत शिरते, आणि नवाकोरा टर्बो बसवूनही निळा धूर तसाच राहतो.

रिंगांचाच दोष ठरला, तरी त्या का झिजल्या हे विचारल्याखेरीज काम काढू नये. या मुलखातले सर्वांत मोठे कारण धूळ. गळिताच्या हंगामात ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर शेतातल्या वाटेने पुढच्याच्या धुळीत दिवसरात्र चालतो; एअर फिल्टरच्या वाटीतले ऑईल चिखल होऊन जाते किंवा नळीची पट्टी सैल सुटते, आणि ती धूळ बोअरमध्ये पॉलिश-कागदाचे काम करते. नव्या रिंगा घालून तीच सैल पट्टी तशीच ठेवली, तर पुढच्या हंगामाआधी तेच काम पुन्हा काढावे लागते. दुसरे कारण अगदी विरुद्ध टोकाचे, म्हणून चटकन सुचत नाही : बिनभाराचे, मंद गतीवर तासन्‌तास चालवलेले इंजिन. रिंगांना बोअरवर दाबून धरणारे बळ ज्वलनाच्या दाबातूनच येते. भारच नसेल तर रिंगा नीट बसत नाहीत, बोअरवरील बारीक रेघा काचेसारख्या गुळगुळीत होतात, ऑईल त्यांत टिकत नाही. लग्नकार्यात दोन दिव्यांसाठी मोठा जनरेटर रात्रभर चालवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

घाटांचीही स्वतंत्र भाषा आहे. बेळगाव सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर. तेथून चोर्ला घाटाने गोव्यात उतरणारी पेट्रोल गाडी गिअरवर रोखत नेली, तर थ्रॉटल बंद असल्याने इनटेकच्या बाजूस तीव्र पोकळी निर्माण होते. पेट्रोल गाड्यांत ब्रीदरचा वायू बाहेर न सोडता एका लहान व्हॉल्व्हमधून परत इनटेकमध्ये नेलेला असतो. तो व्हॉल्व्ह उघडाच अडकला असेल तर उतारभर ऑईल ओढले जाते आणि घाटाखाली पाय दाबताच निळ्या धुराचा लोट निघतो. परतताना चढावर उलट परिस्थिती : वायू सर्वाधिक, पोकळी अत्यल्प, त्यामुळे वायू दुसऱ्या नळीने एअर फिल्टरकडे उलटा वळतो आणि फिल्टरची पेटी ऑईलने भिजते. उतारानंतर धूर की चढानंतर ओला फिल्टर, एवढे चालकाने नीट सांगितले तरी निम्मा तपास झाला. ही परतीची व्यवस्था अमेरिकेत कॅलिफोर्नियाने 1961 च्या गाड्यांपासून सुरू केली. तोवर हा सारा वायू एका नळीने थेट रस्त्यावर सोडला जाई, आणि जुन्या रस्त्यांच्या मध्यभागी जो काळा पट्टा दिसे त्यात त्याचा वाटा होता.

ब्रीदरच्या तोंडात चिंधी कोंबणे, त्याची नळी पाचर मारून बंद करणे, हे उपाय अजूनही दिसतात, आणि त्यांचा निषेध करताना शब्द जपून वापरण्याचे कारण नाही. चेंबरातले ऑईलचे धुके ज्वालाग्राही असते. 11 सप्टेंबर 1947 रोजी ‘रेना डेल पॅसिफिको’ या प्रवासी जहाजाच्या चाचणीफेरीत इंजिनांच्या चेंबरांत स्फोट होऊन 28 माणसे मरण पावली, आणि मोठ्या इंजिनांच्या चेंबरांना दाब सोडणारी झाकणे बसवण्याचा आग्रह त्यानंतर वाढला. ट्रकच्या इंजिनात तसा उत्पात सहसा होत नाही, पण दुसरा एक होतो. डिझेल इंजिनात ब्रीदरची नळी इनटेकला जोडलेली असेल आणि तिच्यातून पुरेसे ऑईल आत गेले, तर इंजिन तेच इंधन म्हणून जाळू लागते. किल्ली फिरवून डिझेल तोडले तरी ते थांबत नाही, वेग वाढतच जातो आणि अखेर कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. अशा वेळी हवेची वाट फळकुटाने किंवा जाड तरटाने बंद करणे हाच उपाय. हवेच्या वाटेस हात लावू नये.

मर्यादेतला वायू असलेल्या जुन्या इंजिनास, जाळी व आडभिंत ठाकठीक असूनही थोडे ऑईल येत असेल तर, ब्रीदरच्या नळीस एक बंद बाटली जोडून तिच्या माथ्यावर वायूसाठी वाट ठेवणे हा प्रामाणिक तोडगा आहे. बाटलीत किती मिलिलिटर जमले याची दर हजार किलोमीटरला नोंद ठेवली तर झीज वाढते आहे की स्थिर आहे, हे अनुमानाऐवजी आकड्याने कळते. त्या बाटलीतले ऑईल काटकसरीच्या मोहाने पुन्हा इंजिनात ओतू नये. त्यात निवालेले पाणी, न जळलेले इंधन आणि आम्ले असतात. ते बेअरिंगांस खाते. जळक्या ऑईलच्या डब्यात त्याची रवानगी करावी.